नेटवर्क कोडमधलं लॉक: आधी कोण कुठून येतंय ते बघा

दहा गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीची ८ बाइटची प्रिअँबल आणि दोन फ्रेममध्ये सोडायची १२ बाइटची मोकळी जागा धरली की ८४ बाइट होतात. भागाकार केला तर सेकंदाला साधारण १ कोटी ४९ लाख पॅकेट, म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर तेवढ्यात जेमतेम दोनशे सायकल होतात. लॉक म्हणजे एका डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा यासाठीची कडी. तिच्यासाठी कोणी भांडत नसतानाही एक अ‍ॅटॉमिक सूचना, म्हणजे मध्येच तुटू न शकणारी, वीसेक सायकल खाते. आणि त्या लॉकची कॅश लाइन (कोअरजवळच्या कॅशमध्ये ठेवलेला मेमरीचा तुकडा) दुसऱ्या प्रोसेसर चिपवरच्या कोअरने नुकतीच लिहिली असेल, तर ती इकडे आणण्यातच शंभरेक नॅनोसेकंद जातात. पॅकेटला हात लागायच्या आधीच बजेट संपलं.

लॉक महाग आहे का, हा प्रश्न या हिशोबातून येतो आणि त्यावर लोक हिरिरीने वाद घालतात. मशीन अडकून पडतं ते मात्र बहुतेक वेळा त्याच्या अलीकडच्या प्रश्नामुळे: या डेटाला नक्की कोण कोण हात लावतं आणि कुठल्या कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे कोड कोणत्या परिस्थितीत चालत असताना? म्हणून आधी तो प्रश्न घेतो. उदाहरणं लिनक्स कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात. लिनक्स २.० (१९९६) मध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसरचा आधार आला तो अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक लावून. २.२ मध्ये लॉक बारीक झाली, पण नेटवर्कचं ‘बॉटम हाफ’ (इंटरप्टनंतर उरलेलं काम करणारा भाग; पुढचं ‘बीएच’ ते हेच) सगळ्या मशीनवर एका वेळी एकाच सीपीयूवर चालायचं. चार सीपीयू असले तरी पॅकेट घेणारा एकच. २.४ (जानेवारी २००१) मध्ये सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टने मागे ठेवलेलं काम चालवणारी यंत्रणा) आले आणि एकच सॉफ्टआयआरक्यू एकाच वेळी अनेक सीपीयूंवर चालू लागला. त्या मोठ्या लॉकचे शेवटचे अवशेष २.६.३९ मध्ये, म्हणजे २०११ साली गेले. फ्रीबीएसडीतही हीच वाट: तिथलं मोठं लॉक ‘जायंट’, आणि ५.३ (२००४) पासून नेटवर्क स्टॅक मुळात त्याच्याशिवाय चालतो.

तीन दारं

कर्नलमधल्या डेटापर्यंत पोहोचायला तीन दारं आहेत. पहिलं प्रोसेस कॉन्टेक्स्ट: सिस्टिम कॉल, वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), कर्नल थ्रेड. दुसरं सॉफ्टआयआरक्यू: एनएपीआयचं (कार्डावरची पॅकेट गठ्ठ्याने उचलण्याच्या पद्धतीचं) पोल फंक्शन, टायमर, टास्कलेट. तिसरं हार्ड इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने सीपीयूला दिलेली हाक. यात खालचा वरच्याला मध्येच थांबवू शकतो. हार्ड इंटरप्ट कोणालाही थांबवतो, सॉफ्टआयआरक्यू प्रोसेसला थांबवतो, आणि एका सीपीयूवर एक सॉफ्टआयआरक्यू चालू असताना त्याच सीपीयूवर दुसरा त्याच्या मध्ये येत नाही. दुसऱ्या सीपीयूवर मात्र तोच सॉफ्टआयआरक्यू खुशाल चालतो.

आता एक डेडलॉक, म्हणजे दोघांनी एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं, जवळून बघू. एक लिंक्ड लिस्ट आहे. नेटलिंकवरून (प्रोग्रामने कर्नलला निरोप द्यायच्या वाटेने) आलेली विनंती तिच्यात नोंद घालते, आणि येणारं प्रत्येक पॅकेट तिच्यात शोध घेतं. दोन्ही ठिकाणी साधं स्पिन_लॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायला लावणारं लॉक) लावलं आहे. सीपीयू २ वर नेटलिंकवाल्याने लॉक घेतलं. तेवढ्यात नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट त्याच सीपीयूवर आला. तो संपताना कर्नलने सॉफ्टआयआरक्यू चालवला, पोल फंक्शनने पॅकेट उचललं, शोध घ्यायला तेच लॉक मागितलं. लॉक कोणाकडे? ज्याला आपण थांबवून ठेवलंय त्याच्याकडे. तो पुढे सरकल्याशिवाय लॉक सुटणार नाही, आणि आपण बाजूला झाल्याशिवाय तो सरकणार नाही. सीपीयू २ तिथेच फिरत बसतो. चाचणीत हे दिसत नाही, कारण खिडकी काही नॅनोसेकंदांची असते. लोड वाढला की दोन दिवसांनी एकदा मशीन गोठतं, आणि रीबूटनंतर सगळं सुरळीत.

उपाय प्रोसेसच्या बाजूला स्पिन_लॉक_बीएच. त्याने लॉक हातात असेपर्यंत त्या सीपीयूवर सॉफ्टआयआरक्यू चालत नाहीत. सॉफ्टआयआरक्यूच्या बाजूला साधं स्पिन_लॉक पुरतं, कारण प्रोसेस त्याच्या मध्ये येऊच शकत नाही, आणि इतर सीपीयूंसाठी स्पिन लॉक आहेच. हार्ड इंटरप्टही त्या डेटाला हात लावत असेल तर बाकी दोघांना इंटरप्ट बंद करणारं रूप वापरावं लागतं: इंटरप्ट चालूच आहेत याची खात्री असेल तर स्पिन_लॉक_आयआरक्यू, नसेल तर आधीची स्थिती जपून ठेवणारं स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह. एनएपीआय आल्यापासून नेटवर्क ड्रायव्हरच्या हार्ड इंटरप्टमध्ये फारसं काही उरत नाही. तो कार्डाचा इंटरप्ट मिटवतो आणि पोल ठरवून देतो. त्यामुळे आजच्या नेटवर्क कोडमध्ये आयआरक्यूसेव्ह भरपूर दिसत असेल तर लिहिणाऱ्याने दारं मोजली नाहीत, असं मी खुशाल समजतो. ‘सगळ्यात कडक ते लावून टाकू’ हा सुरक्षितपणा नसतो. इंटरप्ट जितका वेळ बंद, तितका इतर सगळ्यांचा खोळंबा.

याच्या पोटात आणखी एक खड्डा आहे. स्पिन_अनलॉक_बीएच नुसतं लॉक सोडत नाही. अडलेले सॉफ्टआयआरक्यू तो तिथेच चालवतो. म्हणून बाहेर इंटरप्ट बंद करणारं लॉक आणि आत बीएचवालं लॉक, अशी रचना चालत नाही. इंटरप्ट बंद असताना बीएच उघडायला गेलात की कर्नल इशारा छापतो, आणि तो इशारा दाबायचा नसतो.

प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये झोपणारं, म्हणजे थांबून सीपीयू दुसऱ्याला देणारं काही करायचं असेल, जसं जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं किंवा युजर मेमरीतून कॉपी करणं, तर स्पिन लॉक हातात धरून ते करता येत नाही. म्युटेक्स (वाट बघताना झोपू देणारं लॉक) वापरावा, तर सॉफ्टआयआरक्यू म्युटेक्स घेऊ शकत नाही. ही कात्री सॉकेटच्या लॉकने फार सुरेख सोडवली आहे.

सॉकेटचं दुहेरी लॉक

एका टीसीपी सॉकेटला, म्हणजे कनेक्शनच्या कर्नलमधल्या टोकाला, दोन बाजूंनी हात लागतात. वरून रीड-राइट करणारी प्रोसेस, खालून पॅकेट आणणारा सॉफ्टआयआरक्यू आणि टायमर. प्रोसेसला युजर मेमरी कॉपी करायची आहे, म्हणजे मध्येच झोपावं लागू शकतं. सॉफ्टआयआरक्यूला तर थांबायची मुभाच नाही.

लॉक_सॉक हे फंक्शन आधी आतलं स्पिन लॉक बीएचसकट घेतं, ‘मालक’ नावाचा झेंडा उभारतं आणि स्पिन लॉक सोडून देतं. आता सॉकेट प्रोसेसच्या ताब्यात आहे, पण स्पिन लॉक कोणाकडेच नाही. प्रोसेस खुशाल झोपू शकते. दुसरी प्रोसेस आली तर तिला झेंडा दिसतो आणि ती वेटक्यूवर झोपते. सॉफ्टआयआरक्यू आला तर तो फक्त आतलं स्पिन लॉक घेऊन झेंडा बघतो. झेंडा खाली असेल तर पॅकेटवर तिथल्या तिथे टीसीपीची प्रक्रिया. वर असेल तर पॅकेट सॉकेटच्या बॅकलॉगमध्ये टाकून तो मोकळा. पुढे प्रोसेस रिलीज_सॉक म्हणते तेव्हा ती बॅकलॉगमध्ये साठलेली पॅकेट स्वतः निस्तरते आणि मगच झेंडा उतरवते.

बॅकलॉगला मर्यादा असते, आणि ती नसती तर काय झालं असतं हे समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेस एक पॅकेट निस्तरते तोवर दुसऱ्या सीपीयूने दोन आणून टाकली, तर रिलीज_सॉक कधी संपणारच नाही आणि मेमरी वाढत जाईल. म्हणून मर्यादेपलीकडची पॅकेट टाकून दिली जातात. टीसीपीच्या आकडेवारीत त्यांचा वेगळा काउंटर असतो. तो वाढताना दिसला तर सॉकेट कोणीतरी फार वेळ धरून ठेवतंय असं समजावं. लांबलचक सेंड कॉल, किंवा बरेच थ्रेड एकाच सॉकेटवर, हे नेहमीचे संशयित.

शोध घेताना लॉक नको

येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी हॅश टेबलमध्ये शोध असतो: कुठलं सॉकेट, कुठला रूट, कुठला शेजारी. इथे वाचणारे लाखो आणि लिहिणारा एखादा. पहिला विचार रीडर-रायटर लॉकचा (वाचणारे अनेक चालतात, लिहिणारा एकटाच) येतो आणि तो फसवा आहे. वाचणाऱ्यालाही लॉकच्या शब्दात आपली मोजणी लिहावी लागते, म्हणजे कॅश लाइन प्रत्येक वाचणाऱ्याबरोबर इकडून तिकडे उडते. दहा कोअर एकाच वेळी ‘फक्त वाचतायत’ आणि तरी एकमेकांची वाट बघतायत. छोट्या क्रिटिकल सेक्शनसाठी (लॉक हातात असताना चालणाऱ्या कोडसाठी) रीडर-रायटर लॉकपेक्षा साधं स्पिन लॉकच बरं पडतं, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.

आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट, वाचणाऱ्याला लॉक न लागणारी पद्धत) २.५.४३ मध्ये, म्हणजे २००२ साली मुख्य कर्नलमध्ये आलं आणि नेटवर्क स्टॅकने ते मनापासून उचललं. वाचणारा काहीही लिहीत नाही. लिहिणारा आपापसातल्या लॉकखाली नवी नोंद पूर्ण तयार करतो, मग एका पॉइंटरच्या लिहिण्याने ती जोडतो. काढताना साखळीतून सोडवतो, जुने वाचणारे सगळे बाहेर पडेपर्यंत थांबतो आणि मगच मेमरी परत देतो.

चुका ठरलेल्या आहेत. आरसीयू_रीड_अनलॉक झाल्यावरही पॉइंटर हातात ठेवणं ही पहिली. वाचनाच्या आत झोपणं ही दुसरी. तिसरी मॉड्यूल लिहिणाऱ्यांची: कॉल_आरसीयूने नोंदवलेलं फंक्शन मॉड्यूलमध्येच आहे आणि मॉड्यूल काढताना आरसीयू_बॅरियर लावला नाही, फंक्शन बोलावलं जातं तेव्हा तो कोड मेमरीत उरलेला नसतो. चौथी चूक गतीची. सिंक्रोनाइझ_आरसीयू एका वेळेला काही मिलिसेकंदांपासून दहा-वीस मिलिसेकंदांपर्यंत घेऊ शकतं. हजार इंटरफेस एकेक करून काढताना प्रत्येकासाठी ते बोलावलं तर एक साधी आज्ञा वीस-वीस सेकंद लटकते. म्हणूनच इंटरफेस घाऊक काढण्याचं वेगळं फंक्शन आहे, जे सगळ्यांसाठी मिळून थांबतं.

टीसीपीच्या सॉकेट टेबलमध्ये गोष्ट आणखी एक पायरी पुढे जाते. कनेक्शन सेकंदाला लाखाने बनतात आणि मोडतात. प्रत्येक सॉकेट मोकळं करायला आरसीयूची वाट बघितली तर मेमरी साठत जाते आणि कॅशमध्ये गरम असलेला तुकडा थंड होतो. म्हणून २.६.२९ पासून सॉकेट लगेच परत दिलं जातं, पण स्लॅबची (एकाच प्रकारच्या वस्तूंसाठी राखलेल्या मेमरीची) खूण अशी की तो तुकडा आरसीयूच्या मुदतीत दुसऱ्या प्रकारच्या कामाला जात नाही. सॉकेट असलेली जागा सॉकेटच राहते, फक्त कदाचित दुसऱ्याच कनेक्शनचं.

वाचणाऱ्याला त्यामुळे तीन गोष्टी कराव्या लागतात. पत्ता-पोर्ट जुळले की संदर्भमोजणी वाढवायची, पण ती शून्य नसेल तरच. शून्य असेल तर ते सॉकेट मरतंय, सोडून द्यायचं. मोजणी हातात आल्यावर पत्ता-पोर्ट पुन्हा तपासायचे, कारण जुळणी आणि मोजणी यांच्यामधल्या फटीत त्याच जागी नवं कनेक्शन आलं असू शकतं. आणि तिसरी, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: साखळीच्या शेवटाला साधा रिकामा पॉइंटर नसतो, तिथे बकेटचा (हॅश टेबलमधल्या कप्प्याचा) क्रमांक कोंबलेला असतो. आपण साखळी चालत असताना पायाखालचं सॉकेट उचलून दुसऱ्या बकेटमध्ये गेलं, तर आपण नकळत दुसऱ्याच साखळीच्या शेवटाला पोहोचतो. तिथला क्रमांक आपल्या बकेटशी जुळला नाही की शोध पहिल्यापासून. यातली दुसरी तपासणी विसरलेला कोड एकाचं पॅकेट दुसऱ्याच्या कनेक्शनला देतो, आणि हा दोष शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही, कारण प्रत्येक लॉक जागच्या जागी असतं.

छोट्या, पॉइंटर नसलेल्या डेटासाठी सीक्वेन्स लॉक आहे. शेजाऱ्याचा मॅक पत्ता हे नेमकं उदाहरण: ६ बाइट, क्वचित बदलणारे, प्रत्येक पॅकेटला लागणारे. वाचणारा आधी क्रमांक बघतो, बाइट उचलतो, क्रमांक पुन्हा बघतो; बदलला असेल तर परत उचलतो. या लॉकखाली पॉइंटर वाचून त्याच्या मागे जायचं नाही. फेरतपासणी होईपर्यंत तो पॉइंटर मेलेला असू शकतो.

दोन लॉक एकदम

कनेक्शन ट्रॅकिंगमध्ये (प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणाऱ्या भागात) एकेकाळी एकच मध्यवर्ती लॉक होतं. ३.१५ (२०१४) मध्ये ते काढून १०२४ लॉकची रांग केली आणि हॅशवरून लॉक ठरू लागलं. अडचण ही की प्रत्येक कनेक्शनच्या नोंदी दोन असतात, जाणाऱ्या दिशेची आणि उत्तराची, आणि त्या वेगवेगळ्या बकेटमध्ये पडतात. दोन्ही लॉक हवीत. सीपीयू ० ने आधी ७ मग ९०० घेतलं आणि सीपीयू १ ने आधी ९०० मग ७ मागितलं की दोघे कायमचे अडकले.

तिथला नियम साधा: लहान क्रमांकाचं लॉक आधी. दोन्ही क्रमांक एकच आले तर ते एकदाच घ्यायचं. हे विसरलं तर आपणच आपल्याला अडवतो, आणि तेसुद्धा हजारात एखाद्याच वेळी. दोन्ही लॉक हातात आल्यावर एक ‘पिढी’ क्रमांक तपासला जातो. आपण हॅश काढल्यापासून लॉक मिळेपर्यंत कोणी टेबलचा आकार बदलला असेल तर आपले बकेट क्रमांक शिळे झाले; दोन्ही लॉक सोडून नव्याने हॅश काढायचा. लॉक घेतल्यावर ‘ज्याच्या भरवशावर हे लॉक निवडलं ते अजून खरं आहे का’ ही तपासणी बारीक लॉकच्या प्रत्येक रचनेत लागते. लॉक बारीक करणं म्हणजे नुसती संख्या वाढवणं समजणारे नेमकी हीच विसरतात.

पाठवण्याची बाजू

पॅकेट बाहेर जाताना दोन लॉक भेटतात: रांगेच्या शिस्तीचं, म्हणजे क्यूडिस्कचं, आणि कार्डाच्या त्या पाठवणी रांगेचं. कार्डाला अनेक रांगा असतील आणि क्यूडिस्कही रांगेगणिक असेल तर कोअर एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. पण त्यावर एचटीबीसारखं बँडविड्थ वाटप बसवलं की सगळ्या रांगांना पुन्हा एकच मूळ लॉक. कार्ड ६४ रांगांचं आणि वापर एका लॉकचा. हे बऱ्याच ठिकाणी दिसतं आणि दोष कार्डाला दिला जातो.

इथे एक गमतीशीर युक्ती आहे. क्यूडिस्कमध्ये पॅकेट घालणारे बरेच, पण काढून कार्डाला देणारा एका वेळी एकच. तो एकजण दर वेळी मूळ लॉकसाठी पंधरा घालणाऱ्यांशी स्पर्धा करतो आणि हरतो, रांग फुगते. २०१० मध्ये २.६.३६ ला यावर आणखी एक लॉक घालून उपाय केला. काढण्याचं काम चालू असेल तर घालणाऱ्याने आधी हे बाहेरचं लॉक घ्यायचं, मग आतलं. बाहेर कितीही गर्दी असो, आतल्या लॉकसाठी काढणाऱ्यासमोर एकच स्पर्धक उरतो. लॉक वाढवून वेग वाढला, असं उदाहरण क्वचित सापडतं.

ड्रायव्हरच्या रिंगमध्ये (कार्डाला द्यायच्या पॅकेटच्या गोल रांगेत) भरणारा एक, पाठवून झालेली पॅकेट साफ करणारा दुसरा. भरणाऱ्याकडे पाठवणीचं लॉक आहे, साफ करणारा पोल फंक्शनमध्ये लॉकशिवाय चालतो. दोन टोकांचे दोन निर्देशांक, प्रत्येकाला लिहिणारा एकच, त्यामुळे लॉक लागत नाही. पण क्रम लागतो. भरणाऱ्याने बघितलं: जागा संपली. तो रांग थांबवणार, तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर साफ करणाऱ्याने सगळी रिंग मोकळी केली, ‘रांग थांबलीय का?’ विचारलं, उत्तर ‘नाही’, आणि तो गेला. आता भरणाऱ्याने रांग थांबवली. रिंग रिकामी, रांग बंद, आणि तिला जागं करणारी ‘पाठवून झालं’ ही खबर पुन्हा येणारच नाही, कारण पाठवायला काही उरलेलंच नाही. पाचेक सेकंदांनी वॉचडॉग ओरडतो की पाठवणी रांग अडकली, आणि ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो.

उपाय दोन्ही बाजूंना लागतो. भरणाऱ्याने आधी रांग थांबवायची, मग पूर्ण मेमरी बॅरियर (आधीचं वाचणं-लिहिणं नंतरच्याच्या आधीच ठेवणारी सूचना), मग जागा पुन्हा मोजायची. जागा निघाली तर लगेच रांग चालू. साफ करणाऱ्याने आधी निर्देशांक पुढे न्यायचा, मग पूर्ण बॅरियर, मग रांग थांबलीय का ते बघायचं. एका बाजूचा बॅरियर गाळला तर दुसऱ्याचा उपयोग नाही. एक्स८६ वर लिहिणं-लिहिणं आणि वाचणं-वाचणं आपोआप क्रमाने दिसतं, पण ‘एक लिहिलं, मग दुसरं वाचलं’ हा क्रम तिथेही उलटतो, आणि इथे नेमका तोच हवा आहे. ‘आमच्याकडे एक्स८६ आहे, बॅरियर कशाला’ हे इथे चालत नाही.

थांबणारी फंक्शन

नेटवर्क कॉन्फिगरेशनचं बहुतेक काम आरटीएनएल नावाच्या एका म्युटेक्सखाली चालतं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, आणि नेमस्पेसगणिक (एकाच मशीनवरच्या स्वतंत्र नेटवर्क-कप्प्यागणिक) ते फोडायचं काम चालूही आहे. पण पॅकेटच्या वाटेवर ते नाही, म्हणून इतकी वर्षं टिकलं.

त्याचा ठरलेला डेडलॉक असा. इंटरफेस बंद करणारं फंक्शन आरटीएनएल हातात घेऊनच बोलावलं जातं. त्यात ड्रायव्हर आपलं वर्कक्यूतलं काम रद्द करून ते संपायची वाट बघतो. आणि त्या कामाची पहिली ओळ आरटीएनएल घेण्याची. दोघे एकमेकांकडे बघत बसतात, आणि त्यानंतर ‘आयपी’ या साधनाची कुठलीही आज्ञा परत येत नाही. एक उपाय म्हणजे कामात ट्रायलॉक (मिळालं तर घेणारं, नाहीतर न थांबता परतणारं) वापरायचं, न मिळाल्यास काम पुन्हा रांगेत टाकायचं. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे रद्द करणं आरटीएनएलच्या बाहेर, डिव्हाइसची नोंदणी काढल्यानंतर करायचं. सिसएफएसच्या (कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या) फायलींमध्येही हीच गाठ पडते, कारण इंटरफेस काढताना त्या फायलींचे वापरकर्ते बाहेर पडायची वाट बघितली जाते. म्हणून तिथे ट्रायलॉक फसलं की सिस्टिम कॉल पहिल्यापासून सुरू करतात.

टायमर थांबवून त्याची वाट बघणारं फंक्शन, एनएपीआय बंद करणारं फंक्शन, सगळ्यांची जात एकच. लॉकडेपच्या, म्हणजे लॉकच्या चुका शोधणाऱ्या कर्नलमधल्या साधनाच्या दृष्टीनेही ‘वाट बघणं’ हे लॉक घेण्यासारखंच. टायमरचं फंक्शन जे लॉक घेतं ते हातात धरून त्याची वाट बघू नका. आणि टायमर स्वतःला परत लावणारा असेल तर आधी परत लावायची परवानगी देणारा झेंडा पाडा, मग थांबवा.

काउंटर

सगळ्यात क्षुल्लक वाटणारी आणि सगळ्यात जास्त वेग खाणारी गोष्ट. एकच सामाईक काउंटर प्रत्येक पॅकेटला वाढवला की लॉक नसतानाही सगळे कोअर एका कॅश लाइनवर लढतात. काउंटर सीपीयूगणिक ठेवा आणि वाचताना बेरीज करा. ३२ बिट मशीनवर ६४ बिटचा काउंटर दोन तुकड्यांत लिहिला जातो, म्हणून त्याभोवती यू६४_स्टॅट्स_सिंक, सीक्वेन्स लॉकसारखाच क्रमांक. ६४ बिटवर त्याचा खर्च जवळपास शून्य. प्रोसेसमधून आणि सॉफ्टआयआरक्यूमधून एकच सीपीयूवाला काउंटर वाढवत असाल तर बीएच बंद करणं सुटू नये. ३२ बिटवर लिहितानाच मध्ये सॉफ्टआयआरक्यू आला आणि त्यानेही लिहिलं तर क्रमांकाचा हिशोब बिघडतो.

तसंच स्ट्रक्चरची मांडणी. फक्त वाचले जाणारे फील्ड आणि सतत लिहिलं जाणारं लॉक एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये असतील, तर वाचणाऱ्यांनी लॉक घेतलंच नाही तरी दंड भरावा लागतो. पर्फ सी२सी हे मोजणीचं साधन दोन कोअरच्या भांडणाची लाइन आणि त्यातला नेमका ऑफसेट दाखवतं. लॉक फोडायला बसण्याआधी ते चालवून बघा. पुष्कळदा एक फील्ड खाली सरकवून काम भागतं.

लॉकडेप काय सांगतो

लॉकडेप २.६.१८ (२००६) पासून आहे. डेडलॉक प्रत्यक्ष घडायची तो वाट बघत नाही. एखादं लॉक एकदा सॉफ्टआयआरक्यूमध्ये घेतलेलं दिसलं आणि दुसऱ्या कधीतरी बीएच चालू असताना घेतलेलं दिसलं, की वर सांगितलेली लिस्टची कहाणी तो आपण होऊन जुळवतो आणि ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ म्हणून छापतो. दोन्ही घटना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सीपीयूंवर झाल्या तरी चालतं. मात्र त्या वाटा एकदा तरी चालल्या पाहिजेत. इंटरफेस चढवणं-उतरवणं, मॉड्यूल काढणं, ट्रॅफिक चालू असताना रांगांची संख्या बदलणं, हे सगळं लॉकडेपवाल्या कर्नलवर मुद्दाम करून बघावं लागतं.

एकावर एक रचलेल्या इंटरफेसमध्ये, म्हणजे बाँडवर व्हीलॅन वगैरे, एकाच जातीची दोन लॉक एकात एक घेतली जातात आणि लॉकडेप खोटा गजर करतो. त्यासाठी प्रत्येक प्रकाराला वेगळी लॉक क्लास द्यायची सोय आहे. गजर बंद करण्यासाठी लॉकडेपच बंद करणारे पॅच अधूनमधून दिसतात. ते परत पाठवावेत. तपासणीचा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे फंक्शनच्या पहिल्या ओळीत लॉकडेप_असर्ट_हेल्ड. ‘हे बोलावताना अमुक लॉक हातात हवं’ अशी कमेंट दोन वर्षांत शिळी होते, ही ओळ होत नाही.

मोजणीच्या बाबतीत आधी प्रॉकमधली सॉफ्टनेट_स्टॅट बघा: प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे हेक्समध्ये, पहिला हाताळलेल्या पॅकेटचा, दुसरा टाकून दिलेल्यांचा, तिसरा काम बाकी असताना वेळ किंवा कोटा संपल्याचा. कोटा मुळात एका फेरीला ३०० पॅकेट आणि एका पोलला ६४. एकाच ओळीचा पहिला आकडा धावत असेल तर लॉक शोधत बसू नका, इंटरप्ट वाटले गेलेले नाहीत. सगळ्या ओळी सारख्या वाढतायत आणि तरी वेग कमी, तेव्हा ‘पर्फ लॉक’ हे साधन चालवून बघा.

रिअल-टाइम कर्नलवर, जो ६.१२ (२०२४) पासून मुख्य झाडात आहे, यातलं एक गृहीतक हलतं. तिथे स्पिन लॉक झोपू शकतं आणि सॉफ्टआयआरक्यू थ्रेडमध्ये चालतात. ‘बीएच बंद केलं म्हणजे या सीपीयूचा डेटा माझा’ हे आतापर्यंत लॉक न लिहिता चालत आलं, कारण बीएच बंद करणं हेच सीपीयूचं एक न लिहिलेलं मोठं लॉक होतं. नव्या कोडमध्ये तो डेटा लोकल_लॉकखाली, नावानिशी लिहायचा. साध्या कर्नलवर त्याचा खर्च काही नाही, आणि कुठला सीपीयूवाला डेटा कशाच्या भरवशावर सुरक्षित होता हे लॉकडेपला पहिल्यांदाच दिसतं.